डबा उघडण्याआधी

रावेर तालुक्यात माझ्या मावसभावाची केळीची बाग आहे. विहिरीजवळच्या पत्र्याच्या खोपीत ठिबकचा सँड फिल्टर उभा आहे. तीन पायांवरचं लोखंडी पिंप, वर-खाली फुगीर डिश, दोन्ही अंगांना प्रेशर गेज आणि सगळ्यावर गडद निळा रंग. हा फिल्टर एका छोट्या वर्कशॉपात बनवून घेतलेला. बसवून चौथं वर्ष चालू होतं. दहा फुटांवरून रंग नवा वाटायचा. गेल्या उन्हाळ्यात जवळ बसून पाहिलं, तेव्हा खालच्या डिशच्या वेल्डिंगलगत हरभऱ्याएवढे फोड दिसले. एक फोड नखाने उचकला. रंगाचा पापुद्रा अलगद सुटून हातात आला. उलटा करून पाहिला तर त्याच्या पाठीला काळीनिळी, काचेसारखी चकाकणारी कपची चिकटलेली होती.

"हलका रंग मारला असेल," भाऊ म्हणाला. लोखंडावरचा रंग उडाला की आपल्याकडे सगळे हेच म्हणतात. पण त्या रंगाचा काही दोष नव्हता. त्याने ज्याला धरलं होतं, ते शेवटपर्यंत घट्ट धरलं होतं. ती कपचीच लोखंडाला सोडून निघाली होती.

जळगाव-धुळ्याकडे लोखंड रंगवायचं काम बारा महिने चालतं. ठिबकचे फिल्टर, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, उन्हाळ्यासाठीचे कूलर, कपाटं, शेड, पाण्याच्या टाक्या, तापीवरच्या धरणांचे दरवाजे, साक्रीच्या पठारावरच्या पवनचक्क्यांचे मनोरे. या प्रत्येक कामात गिऱ्हाईक रंगाची कंपनी विचारतं, किती हात मारणार ते विचारतं, लिटरचा भाव विचारतं. डबा उघडण्याआधी लोखंडाचं काय केलं, हे क्वचितच कोणी विचारतं. रंगाचं आयुष्य मात्र त्याच कामावर ठरतं.

फिल्टरवरून निघालेल्या कपचीला मिल स्केल म्हणतात. जाड पोलादी पत्रा कारखान्यात लालबुंद तापवून रोलरखाली लाटतात. त्या उष्णतेत हवेतला ऑक्सिजन पत्र्याच्या पृष्ठभागाशी मिळतो आणि लोखंडाच्या ऑक्साइडांचे थर बसतात. लोखंडाला लागून वुस्टाइट, त्यावर मॅग्नेटाइट आणि सर्वांत वर हेमटाइटची पातळ साय. बाजारात याला एचआर पत्रा म्हणतात. नवाकोरा एचआर पत्रा दिसायला देखणा असतो. काळसर, गुळगुळीत, गंजाचा ठिपकाही नाही. म्हणूनच तो फसवतो. त्याच्यावर थेट रंग मारला तर आठ-पंधरा दिवसांत काही बिघडत नाही, वर्षभरातही बहुधा काही दिसत नाही.

पण स्केल ठिसूळ असते. पत्रा वाकवला, वेल्डिंग केलं, उन्हात तापून रात्री निवला की तिला बारीक तडे जातात. त्या तड्यातून पाणी आत शिरलं की खरं नुकसान सुरू होतं. ओलाव्यात स्केल आणि उघडं लोखंड यांची मिळून एक छोटी बॅटरी तयार होते. त्यात झिजायचं काम लोखंडाच्या वाट्याला येतं. स्केलचा पसारा मोठा आणि तड्यातून उघडं पडलेलं लोखंड रेषेएवढं. त्यामुळे सगळी झीज त्या रेषेवर एकवटते आणि पत्रा खोल खड्डे पडत आत खाल्ला जातो. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा दुप्पट ते सहापट जागा घेतो. तो फुगतो, स्केल उचलतो आणि स्केलसोबत वरचा रंगही उचलला जातो. भावाच्या फिल्टरवर नेमकं हेच घडलं होतं. फोड वेल्डिंगलगत का आले, याचंही उत्तर त्यातच आहे. तापण्या-निवण्याचा ताण सगळ्यात जास्त तिथेच पडलेला असतो.

शंका आली तर फोड उचकून पाहावा. फार मोठं निदान त्यातून होतं. आत कोरडी काळी कपची निघाली तर स्केल काढायची राहिली होती. पापुद्र्याची आतली बाजू स्वच्छ, तुकतुकीत आणि खालचा पत्राही लख्ख असेल, तर पत्र्यावर तेल किंवा ग्रीस होतं. फोडात पाणी भरलेलं असेल, तर रंगाखाली क्षार अडकल्याची शक्यता मोठी. रंगाचा थर आपल्याला अभेद्य वाटतो. प्रत्यक्षात पाण्याची वाफ त्यातून हळूहळू आत जाते. आत मिठाचा कण असेल तर तो ते पाणी ओढून घेतो, आणखी ओढतो आणि फोड फुगत जातो. खानदेशात या शेवटच्या प्रकाराकडे फार कमी लक्ष जातं, त्याच्याकडे पुढे येतोच.

पूर्वी घासण्यातली कसूर बरीच चालून जायची. त्याचं एक कारण शेंदूर. मारुतीला लावतो तोच, शिशाचं ऑक्साइड. जवसाच्या तेलात खलून तो लोखंडाला पहिला हात म्हणून देत. रेल्वेचे पूल, टाक्या, जहाजं, जगभर हीच रीत होती. शेंदूर आणि जवसाचं तेल यांच्या संयोगातून शिशाचे साबण तयार होतात आणि ते लोखंडाची गंजण्याची क्रिया दाबून धरतात. शिवाय हे मिश्रण थोड्याफार गंजलेल्या पृष्ठभागातही मुरतं. घासणाऱ्याने थोडं राहू दिलं तरी शेंदूर सांभाळून घ्यायचा.

शिसं विषारी आहे, लहान मुलांच्या मेंदूला तर फारच. त्यामुळे शेंदूर मागे पडला आणि ते योग्यच झालं. त्याच्या जागी दुकानात जो डबा मिळतो तो रेड ऑक्साइडचा. दिसायला शेंदराच्या नात्यातला, पण गुणाने गेरू. रेड ऑक्साइड हे लोखंडाचंच ऑक्साइड, रसायनाच्या दृष्टीने गंजाचंच भावंड. रंगद्रव्य म्हणून ते टिकाऊ आणि स्वस्त आहे, पण गंज थोपवायची ताकद त्याच्यात स्वतःची नाही. ती यावी म्हणून त्यात पूर्वी झिंक क्रोमेट मिसळत. क्रोमेटमुळे कॅन्सरचा धोका असल्याने आता झिंक फॉस्फेटकडे कल आहे. "एक हात रेड ऑक्साइड मारा, झालं" ही आपल्याकडची सवय मला तरी शेंदराच्या काळातून आलेली वाटते. सवय राहिली, डब्यातला माल मात्र बदलला.

घरगुती आणि सजावटीच्या रंगांतलं शिसं दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा केंद्राचा नियम २०१६ मध्ये निघाला आणि पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीचे रंग जुन्या वाड्यांच्या गजांवर आणि फाटकांवर अजून आहेत. असा रंग काढताना त्यावर कोरडा ग्राइंडर फिरवू नये. पाणी मारून ओला घासावा, पोरांना लांब ठेवावं आणि निघालेला चुरा अंगणात झाडून टाकू नये.

जाड लोखंडावरची स्केल वायर ब्रशने निघत नाही. ब्रशने सुटा गंज जातो आणि स्केल आणखी चकाकते. ती काढायचा खात्रीचा रस्ता ब्लास्टिंग. दाबाच्या हवेतून कठीण कण पत्र्यावर आदळवायचे. अमेरिकेत बेंजामिन च्यू टिल्गमन याने १८७० मध्ये वाळूच्या झोताचं पेटंट घेतलं. आज वाळूऐवजी पोलादाचे गोल छर्रे, पोलादाचे टोकदार कण, गार्नेट किंवा तांबं गाळल्यावर उरणारी काचेसारखी कॉपर स्लॅग वापरतात.

ब्लास्टिंगने दोन कामं होतात. स्केल आणि गंज उडतो, आणि पृष्ठभाग खरबरीत होतो. हा खरबरीतपणाही मोजून ठेवावा लागतो. साधारण ४० ते ७५ मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या आसपास. त्या बारीक डोंगर-दऱ्यांत रंग रुतून बसतो. खरबरीतपणा कमी पडला तर पकड येत नाही. जास्त झाला तर डोंगरांची टोकं रंगातून वर डोकावतात आणि तिथेच पहिला गंजाचा ठिपका उठतो.

स्वच्छता किती झाली हे ठरवायला आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ८५०१. त्याचं मूळ स्वीडनमधलं. ते चक्क फोटोंचं पुस्तक आहे. आधी गंजाच्या चार पायऱ्या, ए ते डी. नव्या स्केलच्या पत्र्यापासून खड्डे पडलेल्या पत्र्यापर्यंत. मग प्रत्येक पायरीचं लोखंड किती साफ केल्यावर कसं दिसतं, त्याचे फोटो. पुस्तक पत्र्याशेजारी धरायचं आणि उघड्या डोळ्यांनी ताडून पाहायचं. हाताने किंवा ग्राइंडरने केलेल्या सफाईला एसटी २ आणि एसटी ३, ब्लास्टिंगला एसए १ पासून एसए ३ पर्यंत. बहुतेक औद्योगिक कामात मागतात ती एसए अडीच. पत्रा जवळजवळ पांढरट-करडा, डागांची जेमतेम पुसट खूण राहिली तर चालते. भारतीय मानक संस्थेनेही असंच चित्रमय मानक १९८१ मध्ये काढलं, आयएस ९९५४. माझ्या मते फोटोंचं हे पुस्तक प्रत्येक फॅब्रिकेशन वर्कशॉपच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेलं असायला हवं. भांडण मिटवायला त्याच्यासारखी दुसरी सोय नाही.

आता ज्याच्यासाठी मुख्यतः हा लेख लिहावासा वाटला, ते सांगतो. 'सँड ब्लास्टिंग' हा शब्द अजून रुळलेला आहे आणि काही ठिकाणी वाळूही रुळलेली आहे, कारण ती स्वस्त पडते. सिलिका असलेला वाळूचा कण पत्र्यावर आदळून फुटतो. फुटल्यावर त्याचे काही तुकडे इतके बारीक होतात की डोळ्यांना दिसतही नाहीत. ते नाकातल्या केसांना आणि घशाला चुकवून थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. शरीराला ते विरघळवता येत नाहीत, बाहेरही टाकता येत नाहीत. त्यांच्याभोवती व्रणासारख्या गाठी होतात आणि फुप्फुस हळूहळू दगडासारखं होत जातं. हा सिलिकोसिस. तो बरा करणारं औषध नाही, आणि त्याच्या रोग्याला क्षयाचा धोकाही जास्त. ब्रिटनने ब्लास्टिंगमध्ये सिलिका वाळू वापरायला १९४९ मध्येच बंदी घातली. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात सिलिकोसिस हा सरकारला कळवणं बंधनकारक असलेला रोग म्हणून नोंदलेला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये स्फटिकी सिलिकाची धूळ माणसाला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली.

तोंडाला गुंडाळलेला गमछा ही धूळ अडवत नाही. ब्लास्टिंग करणाऱ्याला नळीतून स्वच्छ हवा पुरवणारं हेल्मेट लागतं, आणि ती हवाही कॉम्प्रेसरच्या तेलाचा वास गाळून आलेली लागते. त्याच्या आसपास झाडणाऱ्या, कण गोळा करणाऱ्या पोराच्या नाकातही तीच धूळ जाते, पण हेल्मेट एकालाच मिळतं. काम देणाऱ्याने एक विचारलं तरी पुष्कळ होईल: "वाळू वापरता की स्लॅग?" स्लॅगने फुटामागे थोडे पैसे जास्त लागतात. ते द्यावेत.

ब्लास्टिंग जाड लोखंडाला. पातळ पत्रा त्या माराने वाकडा होतो. कूलरची बॉडी, कपाटं आणि इलेक्ट्रिक पॅनेल ज्या पत्र्याची बनतात, तो सीआर, थंड असताना लाटलेला. त्याच्यावर स्केल नसते, गंजू नये म्हणून लावलेलं तेल मात्र असतं. त्याची तयारी टाक्यांत होते. पावडर कोटिंगच्या कोणत्याही बऱ्या युनिटमध्ये 'सेव्हन टँक' हा शब्द ऐकायला मिळतो. पहिल्या टाकीत गरम अल्कलीने तेल काढायचं, दुसरीत धुवायचं, तिसरीत ॲसिडने गंज काढायचा, चौथीत पुन्हा धुवायचं, पाचवीत फॉस्फेटचा थर चढवायचा, सहावीत धुवायचं आणि सातवीत तो थर स्थिर करायचा. सातांपैकी तीन टाक्या नुसत्या पाण्याच्या आहेत. खर्च वाचवायचा म्हटलं की कात्री पहिल्यांदा त्यांच्यावरच चालते.

फॉस्फेटचा थर डोळ्यांना राखाडी धुक्यासारखा दिसतो. चौरस मीटरला दोन-तीन ग्रॅम, बस. पण त्याचे बारीक स्फटिक लोखंडातूनच उगवलेले असतात, त्यामुळे ते सुटत नाहीत, आणि पावडरला धरायला त्यांच्यात असंख्य सांदी असतात. पत्र्याला ओरखडा पडला तरी गंज रंगाखालून आडवा पसरत नाही. ही युक्ती उद्योगात आणली थॉमस वॉट्स कॉस्लेट या इंग्रजाने, १९०६ च्या पेटंटने. निसर्गाने मात्र ती आपल्याकडे कितीतरी आधी करून दाखवली होती. दिल्लीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षं का टिकला, याचा आयआयटी कानपूरच्या आर. बालसुब्रमण्यम यांनी कसून अभ्यास केला. त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे, आणि त्यामुळे पृष्ठभागावर लोखंडाच्या फॉस्फेटचा संरक्षक थर तयार झाला, असं त्यांनी दाखवलं. त्यासाठी दिल्लीपर्यंत जायलाही नको. धुळ्याहून आग्रा रस्त्याने सातपुडा आणि नर्मदा ओलांडून धारला गेलं, तर लाट मशिदीच्या आवारात असाच एक प्राचीन लोहस्तंभ तीन तुकड्यांत उघड्यावर ठेवलेला आहे. त्याचाही अभ्यास बालसुब्रमण्यम यांनी केला होता. खानदेशातल्या प्रत्येक पावडर कोटिंगवाल्याने तो एकदा पाहून यावा.

पत्र्यावरचं तेल खरंच गेलं का, हे कळायला यंत्र लागत नाही. स्वच्छ पाणी ओतून पत्रा उभा धरायचा. पाण्याचा पडदा अर्धा मिनिट सलग राहिला तर पत्रा साफ. अळवाच्या पानावर राहतात तसे थेंब-थेंब झाले तर तेल आहे, पुन्हा पहिल्या टाकीत.

इथे खानदेशच्या पाण्याचा प्रश्न येतो. आपल्या बोअरचं पाणी जड असतं. ठिबक वापरणाऱ्या शेतकऱ्याला हे सांगायला नको. ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा क्षार बसतो, नळ्या चोंदतात आणि मग ॲसिड ट्रीटमेंट द्यावी लागते. तेच पाणी सहाव्या टाकीत असेल तर काय होणार? पत्रा वर काढला, ओव्हनमध्ये वाळवला की पाणी उडून जातं आणि क्षार पत्र्यावर राहतात. त्यांच्यावर पावडर बसते. पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात पाण्याने भरलेले फोड येतात आणि दोष पावडरच्या कंपनीला जातो. शेवटच्या धुण्याचं पाणी आरओचं किंवा क्षार काढलेलं असावं आणि त्यातले क्षार रोज मोजावेत. या टाक्यांच्या तळाशी साचणारा फॉस्फेटचा गाळ २०१६ च्या घातक कचरा नियमांत येतो. तो नाल्यात सोडता येत नाही, सोडूही नये. तो नाला शेवटी गिरणा-तापीलाच मिळतो.

क्षारांचा दुसरा रस्ता खताचा. केळीला पालाश भरपूर लागतं, आणि आपण बहुतेक ते म्युरिएट ऑफ पोटॅशच्या रूपात देतो. ते पोटॅशियम क्लोराइड आहे, वजनाने जवळजवळ निम्मं क्लोरीन. लोखंडाच्या दृष्टीने त्याच्यात आणि मिठात फारसा फरक नाही. जळगाव समुद्रापासून एवढं दूर, पण खताच्या गोण्या वाहणाऱ्या ट्रॉलीच्या तळाशी समुद्रकिनाऱ्यासारखी स्थिती असते. गंजाच्या खड्ड्यांत क्लोराइड दडून बसतं. अशी ट्रॉली आणल्या आणल्या ब्लास्टिंगला लावली तर ते मीठ ठोकून आणखी आत जातं. आधी जोराच्या पाण्याने, कोपऱ्या-कोपऱ्यातून धुवावी, वाळू द्यावी आणि मग ब्लास्टिंग करावं. मोठ्या कामात पत्र्यावर एक छोटी चिकटपट्टी लावून, तिच्या कप्प्यात सुईने शुद्ध पाणी सोडून, ते परत ओढून त्यातले क्षार मोजतात. ट्रॉलीसाठी एवढं कोणी करणार नाही, पण धुणं कोणालाही जमतं.

हवामानाचंही तसंच. रंगाच्या डब्यावरच्या सूचना थंड देशात बसून लिहिल्यासारख्या वाटतात. आपलं वैशाखातलं ऊन त्यांच्या हिशेबात बसत नाही. भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा उन्हातल्या लोखंडाला हात लावता येत नाही. अशा पत्र्यावर स्प्रे मारला की थिनर हवेतच उडतो. रंग ओला होऊन पसरण्याऐवजी भुकटीसारखा बसतो, हाताने पुसला तर निघतो. दोन डब्यांचा इपॉक्सी मिसळल्यावर किती वेळ वापरता येतो, तो काळ दर दहा अंशांना साधारण निम्मा होतो. २५ अंशांना चार तास चालणारा रंग ४५ अंशांना तासाभरात बादलीत घट्ट व्हायला लागतो. म्हणून जाणते पेंटर उन्हाळ्यात उजाडता उजाडता बंदूक हातात घेतात आणि नऊ-साडेनऊला थांबतात.

त्याच उन्हाळ्याचं एक देणंही आहे, आणि त्याचा फायदा आपण पुरेसा घेत नाही. ब्लास्टिंग केलेलं उघडं लोखंड तान्ह्या बाळासारखं असतं. मुंबईत पावसाळ्यात ते दोन-चार तासांत पिवळं पडतं. आपल्या चैत्रातल्या कोरड्या दुपारी ते संध्याकाळपर्यंत करडं राहतं. मोठी ब्लास्टिंगची कामं खानदेशाने मार्च ते मेमध्येच उरकावीत. धरणांच्या दरवाजांचं वेळापत्रकही आपोआप तिथेच येतं. हतनूरला ४१ दरवाजे आहेत. चांगदेवला तापी आणि पूर्णा मिळतात आणि दोन्हींचा गाळ घेऊन पाणी या दरवाजांना भिडतं. गाळाचं पाणी रंगाला पॉलिश पेपरसारखं घासतं. जूनआधी जेवढं उघडं सापडेल तेवढंच लोखंड तयार करून रंगवता येतं. अशा दरवाजांच्या रंगकामासाठी १९९४ चं वेगळं भारतीय मानक आहे, आयएस १४१७७.

श्रावणात नियम उलटतात. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान तीन अंश जास्त हवं आणि हवेतली सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली. नाहीतर डोळ्यांना न दिसणारा ओलावा पत्र्यावर बसलेला असतो आणि त्यावरच रंग पडतो. हे मोजायला दोन थर्मामीटरचं एक साधं साधन मिळतं, एक कोरडा आणि एक ओल्या वातीचा. ते दांड्याला धरून गोफणीसारखं गरगर फिरवायचं आणि दोन्ही आकडे वाचून तक्ता पाहायचा. कार्तिकापासून जिनिंग सुरू झालं की जळगाव, धरणगाव, चोपडा, शिरपूरकडे हवेत कापसाची रुई तरंगते. ओल्या रंगावर रुईचा एक तंतू बसला तर तो वातीसारखा पाणी आत ओढतो. शेडच्या जमिनीवर पाणी मारून, ताडपत्री लावून मगच काम सुरू करावं.

धुळ्याला एका ट्रॉली-वर्कशॉपात एक वयस्क पेंटर आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. माझी पहिली शिकवणी त्यांच्याकडे झाली. ते म्हणायचे, "रंग कोई भी मारेगा, घासायला माणूस लागतो." त्यांच्या हाताखालचा पोरगा दिवसभर कोपऱ्यातून, सांध्यातून, बोल्टच्या पाठीमागून ब्रश फिरवायचा, वेल्डिंगचे उडालेले थेंब छिनीने काढायचा, पत्र्याच्या धारदार कडा कानसेने गोल करायचा. कडा गोल का करायच्या, हे तेव्हा मला कळत नव्हतं. ओला रंग वाळताना धारेवरून मागे सरतो आणि तिथे थर अगदी पातळ राहतो. म्हणून कडांना, वेल्डिंगला आणि बोल्टना स्प्रेआधी ब्रशने एक वेगळा हात द्यायचा असतो. हे सगळं करणाऱ्या त्या पोराची हजेरी वर्कशॉपात सगळ्यात कमी. ज्या कामावर सगळ्या रंगाचं आयुष्य अवलंबून आहे, त्याची मजुरी सगळ्यात कमी, हे मला आजही खुपतं. कोटेशन मागताना घासण्याची आणि धुण्याची ओळ वेगळी लिहून मागावी. तिच्यापुढे आकडा असला की ते काम होतं. रंगाच्या रकमेत मिसळलं की ते पहिल्यांदा गळतं.

भावाचा फिल्टर आम्ही या मार्चमध्ये रिकामा केला, वाळू बाजूला काढली, पाण्याने धुतला आणि ट्रॉलीत घालून जळगाव एमआयडीसीत नेला. कॉपर स्लॅगने ब्लास्टिंग झालं. वेल्डिंगलगतच्या फोडांखाली दोन ठिकाणी खड्डे निघाले, तिथे पॅच मारला, कडा गोल केल्या आणि तेवढ्या जागेवर पुन्हा एकदा झोत फिरवला. दुपारी अडीचच्या सुमाराला तो पिंपासारखा फिल्टर शेडमध्ये उभा होता, चंदेरी-करडा, एकसारखा मॅट, कुठेही चमक नाही. भावाने चार वर्षांत त्याला असा कधी पाहिला नव्हता. तो पुढे झाला आणि त्याने म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा त्याच्यावरून हात फिरवला.

"हात नका लावू भाऊ!" ब्लास्टिंगवाला हेल्मेट काढत ओरडला. भावाला आधी राग आला. मग त्या माणसाने त्याला जवळ बोलावून दाखवलं. घामात मीठ असतं. असाच रंग मारला तर वर्षभराने याच जागी चार बोटं गंजाने उमटतील. त्याने थिनरने ओला केलेला पांढरा फडका घेतला आणि चारही बोटांच्या खुणा एकेक करून पुसल्या. फडका बदलला, पुन्हा पुसल्या. फडका पांढराच राहिला, तेव्हा त्याने प्रायमरचा डबा पुढे ओढला आणि झाकणाखाली स्क्रू ड्रायव्हर घातला.